बक्षीस, भीक आणि शिवाराची पट्टी
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यापुढचा विषय वाचून काही जुन्या कार्यकर्त्यांनी सकाळीच तोंड वाकडे केले. आपली चळवळ भावाचे बोलते, कर्जाचे बोलते, विजेच्या बिलाचे बोलते. तिने आता गावोगावच्या बांधबंदिस्तीला, राखलेल्या माळाला, जपलेल्या बियाण्याला पुरस्कार द्यायचे आणि अनुदान मिळवून द्यायचे, हे काय नवीन काढले? 'भीक नको, घामाचे दाम हवे' म्हणत ज्यांनी रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या, त्यांनी आता शाल-श्रीफळाच्या रांगेत उभे राहायचे काय? प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे गेलो तर बाकीचे भाषण फुकट जाईल. म्हणून आधी त्याचे उत्तर.

आपण कापसाला दाम मागतो तेव्हा समोर घेणारा असतो. व्यापारी असो, जिनवाला असो, पणन महासंघ असो. माल काट्यावर चढतो, पट्टी होते, पट्टीत खोट निघाली तर भांडता येते. आता दुसरा एक माल पाहा. गावाच्या वरच्या अंगाला चार एकर बरड असलेला एक शेतकरी आहे. त्याने उताराला आडवी पेरणी केली, धुऱ्यावर गवत राखले, शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून पऱ्हाटीच्या ओळींमध्ये सऱ्या पाडल्या. त्याने काय पिकवले याचा हिशेब कोणी केला आहे काय?

आपण करू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी पडले. मृगात एखाद्या रात्री ५० मिलिमीटर कोसळतो तेव्हा एकेका एकरावर २ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे वीस टँकर. चार एकरांवर ऐंशी टँकर. सगळे पाणी कोणी अडवू शकत नाही. चौथा हिस्सा जरी त्याने जिरवला तरी वीस टँकर झाले, आणि तेही एका रात्रीचे. त्यातले काही त्याच्याच पऱ्हाटीच्या मुळाशी राहिले. बाकीचे खाली पाझरत खालच्या काळ्या रानातल्या विहिरीला गेले. खालच्याचा हरभरा भिजला. वरच्याला पट्टी मिळाली नाही.

माती तर अजून पुढची गोष्ट. एकरावरचा एक मिलिमीटर मातीचा थर म्हणजे ४ घनमीटर, जवळजवळ दीड ब्रास. आपल्यातले कितीतरी जण ट्रॅक्टरने मुरूम वाहतात, त्यांना दीड ब्रासची किंमत विचारा. ती माती वाहून तलावात गेली की तो गाळ होतो. गाळ काढायला सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली, यंत्रांना डिझेलचे पैसे दिले. चांगले केले. पण ज्याने गाळ येऊच दिला नाही, त्याला कोण काय देतो? तलाव भरून टाकणाऱ्याच्या नावाने योजना निघते आणि माती धरून ठेवणारा आपल्या धुऱ्यावर विडी ओढत बसलेला असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. या कामासाठी मिळणारे अनुदान ही भीक नव्हे. आधीच पोहोचवलेल्या मालाची ती थकलेली पट्टी आहे. आणि पुरस्कार म्हणजे तो माल खरोखर पोहोचला याची गावाने दिलेली साक्ष. कापसाच्या भावाच्या बदल्यात मात्र ना पट्टी घ्यायची ना साक्ष. बक्षीस घ्या आणि भावाचे विसरा असे कोणी सुचवले तर ते बक्षीस त्याच्याच हातात परत ठेवायचे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

आता आमची एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा कार्यकर्त्यांनी एका तालुक्यातल्या गावांची पाहणी करून चांगल्या कामाचा सन्मान करायचे ठरवले. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, आमची होती. मार्च महिन्यात जीप घेऊन निघालो. एका गावात नाल्याचे रुंदीकरण झाले होते. नदी वाटावी असा नाला, कडेला मातीचे ढीग, रस्त्यालगत फलक, फलकावर किती घनमीटर काम झाले तो आकडा रंगवलेला. आमच्यात कृषी पदवीधर होते, आम्हीच. लांबी, रुंदी, खोली मोजली, गुणाकार केला, आकडा जुळला. सन्मानपत्र दिले, फोटो काढले, गावजेवण झाले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात टँकर सुरू झाला.

आम्ही परत गेलो. या खेपेला जीप वेशीवर सोडून पायी फिरलो, तेव्हा दिसले. वरच्या माळावर एक चरही खोदलेला नव्हता, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात नाल्याच्या तळाशी गाळाचा थर बसून जिरणे थांबले होते. नाल्याला पाणी आले हे खरे, त्या वर्षी विहिरीही वर आल्या. पण पाणी दिसताच दिवाळीपर्यंत नवे बोअर पडले, काहींनी गहू केला, दोघांनी संत्र्याची कलमे लावली. जे पाणी गावाने मिळून अडवले ते ज्याचा बोअर खोल त्याने उपसले. अडवण्याचा नियम होता, उपसण्याचा नव्हता. आणि आम्ही तो विचारलाही नव्हता.

त्याच वाटेवर त्याच्या आधी एक लहान गाव लागते. तिथे आम्ही पहिल्या खेपेला उतरलोही नव्हतो, कारण रस्त्यावरून दाखवण्यासारखे काही नव्हते. तिथल्या बचत गटाच्या बायांनी माळावरची मोकाट चराई बंद केली होती. धुरे गवताने बांधलेले, घळींत हाताने रचलेले दगडी बांध. त्या गावचा हातपंप मे महिन्यात चालू होता. तिथल्या एका म्हाताऱ्या बुवांनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाले, "मागच्या साली तुमची जीप पाहिली होती जी. आम्हाला वाटलं, लग्नाची असेल." उंटावरून शेळ्या हाकणे कशाला म्हणतात ते आम्ही त्या दिवशी शिकलो.

ही चूक आमच्या एकट्याची नाही. सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. त्यावर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला आणि २०२० साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सांगितले की भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. जिथे लोकांनी कामाची राखण केली तिथे पाणी दिसले, तेही आम्ही पाहिले आहे. पण खोदलेले घनमीटर मोजायचे आणि विहिरीतले हात मोजायचे नाहीत ही खोड मोठ्यांपासून लहानांपर्यंत सगळ्यांना आहे.

स्पर्धा वाईट असते असे मात्र कोणी समजू नये. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिली, काहींनी तिच्यात घमेली उचलली. २०१६ साली तीन तालुक्यांत ती सुरू झाली. आपल्या विदर्भातला वरुड, मराठवाड्यातला अंबाजोगाई आणि साताऱ्याकडचा कोरेगाव. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने ५० लाखांचे पहिले बक्षीस नेले. २०१७ साली तीस तालुके आले आणि पहिले बक्षीस मिळाले वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याला. हे आदिवासींचे लहानसे गाव. मोठमोठ्या गावांचे पुढारी, त्यांची यंत्रे, त्यांची वजने मागे पडली आणि हे वस्तीएवढे गाव पुढे निघाले. पुढे २०१८ ला माण तालुक्यातले टाकेवाडी, २०१९ ला बार्शी तालुक्यातले सुर्डी.

या स्पर्धेतले काय घ्यायचे? आधी शिक्षण, मग काम. गावातल्या बाया-माणसांना उतार कसा काढायचा, चर कुठे आणि बांध कुठे हे शिकवल्याशिवाय कुदळ लागली नाही. आम्ही कॉलेजात चार वर्षे जे शिकलो त्यातले कामाचे तेवढे चौथी शिकलेल्या बाईने चार दिवसांत उचललेले आम्ही पाहिले. (कॉलेजात बाकीचे काय शिकवत होते हा वेगळा विषय आहे.) दुसरे, एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गट पहाटे एका चरात उतरले. पैशाने हे होत नाही, चुरशीने होते.

आणि काय सोडायचे? काम ४५ दिवसांचे, म्हणून जे ४५ दिवसांत मोजता येते त्यालाच गुण जास्त. चर मोजता येतो. पुढची पाच वर्षे बोअर घेणार नाही हा संयम ४५ दिवसांत कसा मोजणार? स्पर्धा चालवणाऱ्यांनाही हे उमगले असावे. २०२० पासून त्यांनी समृद्ध गाव स्पर्धा घेतली आणि २०२२ पासून शेतकऱ्यांच्या गटांसाठी फार्मर कप. खोदण्यापासून ते पिकवण्यापर्यंत ते सरकले.

अशीच चुरस त्याआधी २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने लावली होती. आधी पैसे नाहीत, काम करा, मग पाहू, हा त्याचा बाणा होता आणि गावांनी स्वतःच्या खिशातून कामे केली. पण समिती येण्याच्या आदल्या रात्री रांगोळ्या आणि समिती गेल्यावर पुन्हा उकिरडा, हेही आपण पाहिले आहे. बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते गाव झाडत, कीर्तन करत आणि निघून जात. त्यांच्या नावाने फलक लावायचा मोह आपल्याला, त्यांना नव्हता.

आता पैसा द्यायची रीत. इथे आम्हाला सगळ्यात जास्त शिकवले ते जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून १९९६ ते २००२ या काळात तिथे काम झाले. २०१२ च्या दुष्काळात सबंध जालना जिल्हा होरपळला तेव्हा कडवंचीच्या बागा उभ्या होत्या. त्या कार्यक्रमाची अट अशी होती की आधी गावाने ठराव करायचा, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून दाखवायची, काही महिने श्रमदान करून लहान कामाचा नमुना पुरा करायचा, मगच मोठे पैसे. आराखडा कार्यालयात बसून नाही, एकेका शेतकऱ्याच्या शेतात उभे राहून, त्याच्या बायकोसमोर. मजुरीच्या खर्चाचा साधारण सहावा हिस्सा गावाने श्रमदानाने उचलायचा, पण भूमिहीनाला आणि एकट्या बाईला त्यातून सूट. आणि त्या श्रमदानाचा काही भाग देखभालीच्या निधीत जमा करायचा, म्हणजे बांध फुटला की पुन्हा कोणाच्या दारात जायला नको.

हा देखभालीचा निधी नीट ध्यानात घ्या. बांध बांधायला पुढारी येतो, नारळ फोडायला येतो. फुटलेला बांध सांधायला कोणी येत नाही.

कडवंचीतही सगळे गोडच आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यांत विहिरीचे पाणी उपसून भरण्याची जी चाल मराठवाड्यात पडली, ती आम्हाला पटत नाही. जमिनीतले सावलीतले पाणी काढून उन्हात ठेवायचे आणि त्याला जलसंधारण म्हणायचे! पण पैसा देण्याची त्यांची रीत चोख होती, ती घ्यावी.

हिवरे बाजारचे नाव घेतले नाही तर तुम्ही म्हणाल विसरले. ते सगळ्यांना पाठ आहे म्हणून एकच गोष्ट सांगतो. नगर जिल्ह्यातले हे गाव १९९४ साली राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले. २००७ साली पाण्याच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कार गावाला आणि २०२० साली पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली. मधली वर्षे मोजा. त्या वर्षांत गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हा नियम पाळला, ऊस-केळी लावली नाही, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून, उरलेल्यात रब्बीला काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवले. गावात पाऊस आपल्यापेक्षा कमी पडतो. आपल्या जिल्ह्यात किती ग्रामसभांनी कधी पाऊस वहीत लिहिला आहे? हात वर करा म्हणत नाही.

आता बियाण्याकडे. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तसे बैल गेले, बैल गेले तसे शेणखत गेले, आणि मग माती दगड झाली म्हणून आपण कपाळाला हात लावतो. तरी प्रत्येक तालुक्यात एखादी म्हातारी सापडते जी आपल्या पन्हाळीखालच्या मडक्यात राखेत घोळून गावरानी ज्वारीचे, वाणीच्या हुरड्याचे बी ठेवते. हलक्या रानात देशी कापूस अजून लावणारे आहेत. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने अशांना मान आणि मोबदला मिळण्याचा हक्क दिला आहे. हक्क, मेहेरबानी नाही. वाण जपणाऱ्या समाजगटासाठी त्यात १० लाख रुपयांचा पुरस्कार आहे. अर्ज करावा लागतो, त्यावर कृषी अधिकाऱ्याची, विद्यापीठाच्या संशोधन संचालकांची किंवा गावच्या जैवविविधता समितीची शिफारस लागते. ही जैवविविधता समिती बहुतेक गावांत कागदावर आहे. सरपंचाला विचारा कोण सदस्य आहेत. तो तुमच्याकडे पाहील आणि कदाचित तुमचेच नाव यादीत निघेल.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, त्याचा आपल्याला आनंद आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे यांचेही नाव घेतले पाहिजे. दीड एकराचा हा शेतकरी. नांदेड नावाच्या गावात, नागभीड तालुक्यात, त्यांनी १९८० च्या दशकात धानाच्या ओंब्या वेचून निवडून एचएमटी वाण काढला. तो वाण राज्याबाहेरही गेला, गिरण्यांनी त्यावर पैसा केला. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, पुढे राज्याचा पुरस्कारही मिळाला. २०१८ साली ते गेले तेव्हा शेवटच्या आजारात उपचाराच्या पैशांची ओढाताण झाली होती. भिंतीवर सन्मानपत्रे होती. ज्यांना साक्ष मिळाली आणि पट्टी मिळाली नाही, त्यांचे काय होते ते हे असे.

म्हणून आमच्या प्रस्तावात दोन्ही एकत्र आहेत. पुरस्कार माणसाला नाही, गावाला किंवा वस्तीला. बियाण्याचा असेल तर ज्या बाईच्या मडक्यात बी आहे तिच्या नावाने, तिच्या खात्यात, तिच्या मुलाच्या नाही. पैसे दोन हप्त्यांत. निम्मे निवड झाल्यावर, निम्मे तीन पावसाळे गेल्यावर, बांध उभा आहे आणि उपशाचा नियम मोडला नाही हे पाहून. पहिल्या हप्त्यातला पहिला हिस्सा, चराईबंदीने ज्यांच्या शेळ्या अडल्या त्यांच्या चाऱ्याला. यावर काल रात्री बैठकीत बरेच भांडण झाले. जमीनवाल्याच्या विहिरीत पाणी यावे म्हणून भूमिहीनाने शेळी विकावी, असा पुरस्कार आम्हाला द्यायचा नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी दुपारी बोलावे.

पाहणी जवळच्या गावाने करायची नाही आणि आम्ही पदवीवाल्यांनी तर मुळीच नाही. दुसऱ्या तालुक्यातले आठ शेतकरी, त्यांत चार बाया, पायी. एकदा दिवाळीनंतर, एकदा चैत्रात. फलक वाचायचे नाहीत. पाणी कोणाच्या विहिरीत किती हात आहे, यंदा किती बोअर पडले, हातपंपावर बाई किती वेळ उभी राहते, एवढे विचारायचे.

पैसा कुठून? एका बियाणे कंपनीच्या माणसाने आमच्याकडे निरोप पाठवला होता की मंडप, फलक, धनादेश सगळे आमचे, फक्त नाव आमचे लागू द्या. आम्ही नाही म्हटले. ज्याच्या पाकिटावर आपण दरवर्षी कर्ज काढतो त्याच्याच नावाने बियाणे जपल्याचा पुरस्कार, ही थट्टा आपली आपणच कशाला करायची? कापूस विकल्यावर क्विंटलमागे १ रुपया, देईल त्याचा घ्यायचा, न देणाऱ्याला विचारायचे नाही. रक्कम लहान जमेल. लहान राहू द्या. सरकारी योजनांचे, नाबार्डचे, कायद्यातल्या पुरस्कारांचे अर्ज भरून द्यायला प्रत्येक तालुक्यात दोन शिकलेली पोरे नेमू, मोठा पैसा तिकडून मागू. आपला रुपया साक्षीचा.

आज संध्याकाळी जाण्याआधी तालुकाप्रमुखांनी आठ-आठ नावे लिहून द्यायची आहेत. प्रत्येक गटाला एक वही आणि विहिरीत सोडायला हात-हाताला गाठ मारलेली दोरी लागेल. दोरी बाजारातून नायलॉनची आणू नका, आपल्या घरच्या सुताची वळा. कोणत्या तालुक्याने कोणता तालुका मोजायचा त्याच्या चिठ्ठ्या जेवण झाल्यावर काढू.